‘फक्त झोपताना चोखतो’ : न भिडणाऱ्या दातांची एक केस

आई-बाबा आले होते दातांसाठी, अंगठ्याचा विषय त्यांनी काढलाच नव्हता. मुलगा ७ वर्षं ८ महिन्यांचा, दुसरीतला, खुर्चीत बसल्या बसल्या वरच्या लाइटचं बटन शोधणारा. तक्रार अशी की समोरच्या दातांनी त्याला काही तोडताच येत नाही, सगळं कडेच्या दातांत धरून ओढून तोडतो, आणि ‘स’ म्हणताना जीभ बाहेर येते म्हणून वर्गात पोरं चिडवतात. मी त्याला म्हटलं, मागच्या दाढा घट्ट दाब आणि ओठ बाजूला कर. दाढा दाबलेल्या, तरी वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमधून जीभ सरळ दिसत होती. फट ५ मिलिमीटर. याला आम्ही ओपन बाईट म्हणतो. वरचे दात पुढे आलेले, खालच्यांपेक्षा ७ मिमी पुढे, म्हणजे पडला-धडपडला तर आधी तेच दात आपटणार.

एक सांगते, ७-८ वर्षांच्या मुलात समोर फट दिसली की लगेच घाबरायचं नसतं. वरचे मधले दोन कायमचे दात ७ ते ८ वर्षांच्या दरम्यान येतात आणि अर्धवट आलेले असताना फट दिसणारच, काही महिन्यांत दात खाली उतरले की ती आपोआप जाते. पण याची फट सरळ नव्हती. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी, जणू मधे काहीतरी तिरकं ठेवून दात त्याभोवती वाढू दिलेत. मी काही न बोलता त्याचे दोन्ही हात बघायला मागितले. डावा अंगठा नेहमीसारखा मळका, उजवा एकदम स्वच्छ, नखाच्या खाली सुरकुतलेला आणि सांध्यावर छोटासा घट्टा. आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी छताकडे.

मग आई म्हणाली, “चोखतो, पण मॅडम, फक्त झोपताना.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर एकच प्रश्न विचारते, झोपताना म्हणजे झोप लागेपर्यंत, की झोपेत? आपल्या भाषेत दोन्हीला ‘झोपताना’च म्हणतात आणि दातांच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोप लागेपर्यंत म्हणजे २० मिनिटं. झोपेत म्हणजे कदाचित अख्खी रात्र.

हा फरक का, ते जरा नीट सांगते कारण सगळी केस त्यावरच उभी आहे. दात हाडात सिमेंटने चिकटवलेले नसतात, एका बाजूने जीभ आणि दुसऱ्या बाजूने ओठ-गाल यांच्या सतत चालणाऱ्या हलक्या दाबाच्या मधे ते जिथे समतोल साधेल तिथे उभे राहतात. आपण चावतो तेव्हा दातांवर कित्येक किलोचा जोर येतो पण तो क्षणभर, म्हणून चावून चावून कुणाचे दात वाकडे होत नाहीत. उलट ब्रेसेसची तार दाताला हलवते ती ५० ग्रॅमच्या आसपासच्या जोराने, पण ती तिथे सतत असते. दात किती जोर लावला यापेक्षा किती वेळ लावला ते मोजतात, आणि ऑर्थोमधे, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, साधारण धरलेला हिशोब असा की दिवसातले ६ तासांच्या आसपास किंवा जास्त वेळ दाब राहिला तर दात हलतो. म्हणूनच दिवसभरात दहा वेळा जोरजोरात चोखणाऱ्या पण दोन मिनिटांत काढणाऱ्या मुलाचे दात बऱ्याचदा ठीक असतात, आणि रात्रभर अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणाऱ्याचं सगळं बिघडलेलं असतं.

तर मी त्यांना त्या दिवशी काहीच दिलं नाही, फक्त वही ठेवायला सांगितली. १० रात्रींसाठी रोज ११, १, ३ आणि ५ वाजता कुणीतरी एकाने जाऊन बघायचं, उठवायचं नाही, रागवायचं नाही, अंगठा काढायचा नाही, फक्त लिहायचं. बाबा वैतागले (रात्री तीनला अलार्म लावून मुलाचं तोंड बघायचं म्हणजे काय, हे त्यांचं म्हणणं मला अगदी पटलं), पण आईने केलं. ११ वाजता १० पैकी १० वेळा अंगठा आत, १ वाजता ८, ३ वाजता ६, ५ वाजता ७. शिवाय टीव्हीसमोर रोज तासभर, ते आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता दर दोन तासांनी बघितलं म्हणजे मधल्या वेळेत काय झालं ते कळत नाही हे खरं, तरी ढोबळ हिशोब ६-७ तासांच्या वर जातच होता.

त्या वहीत आईने एक जास्तीची गोष्ट लिहिली होती. ज्या वेळी अंगठा बाहेर होता तिथे तिच्या अक्षरात ‘अंगठा नाही, तोंड उघडं’. मी ते वाचलं आणि पान उलटलं. पुढे येईलच ते.

आता तोंडात काय काय झालं होतं. अंगठा वर-खालच्या दातांच्या मधे पाचरीसारखा बसतो म्हणून समोरचे दात पूर्ण उगवू शकत नाहीत. वरचे बाहेर ढकलले जातात, खालचे आत. त्याच वेळी जबडा सतत थोडा उघडा राहतो, मग मागच्या दाढांना समोर कुणी अडवायला नसतं आणि त्या गरजेपेक्षा जास्त वर येतात. मागे दाढ १ मिमी जास्त आली तर समोर साधारण २ मिमी फट पडते, बिजागरीजवळ छोटा खडा अडकला तर दार दुसऱ्या टोकाला किती उघडं राहतं बघा, तसं. आणि तिसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते, ती म्हणजे टाळूची. जिभेची जागा खरं तर वर, टाळूला टेकून. अंगठा आत आला की जीभ खाली दबते, वरच्या दाढांना आतून आधार देणारं कुणी उरत नाही आणि बाहेरून गाल मात्र चोखताना आत ओढले जातात. हा गालांचा दाब तोंडाच्या कोपऱ्यांपाशी, म्हणजे सुळ्यांच्या जागी सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे वरची कमान गोलसर न राहता इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती होते.

आमच्या पेशंटचा वरचा जबडा तसाच अरुंद झाला होता. डावीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या, क्रॉसबाईट. बघणाऱ्याला वाटतं डावीच बाजू बिघडलीय. पण हळूहळू तोंड मिटायला लावलं तर दिसलं की आधी दोन्हीकडचे दुधाचे सुळे एकमेकांवर टेकतात, असं बसणं गैरसोयीचं म्हणून तो जबडा २ मिमी डावीकडे सरकवतो आणि मग मिटतो. म्हणजे अरुंद दोन्ही बाजू, फसवी दिसते एकच. हे वाढत्या वयात असंच राहू दिलं तर हनुवटी त्याच बाजूला सरकून वाढण्याची भीती असते, म्हणून इथे ‘वाट बघू’ चालत नाही. समोरची फट सवय सुटली की या वयात बऱ्याचदा आपोआप भरते, कडेचा क्रॉसबाईट सहसा भरत नाही. पालकांना मी हे दोनदा सांगितलं कारण त्यांना समोरचंच दिसत होतं.

एक्स-रे दोन काढले. एक सगळे दात दिसणारा, सगळे कायमचे दात जागेवर तयार होत होते. दुसरा बाजूने काढलेला चेहऱ्याचा, त्यावर मी जबड्याचे कोन मोजले, कारण ओपन बाईट दोन प्रकारचा असतो, नुसता दातांचा किंवा हाडांच्या ठेवणीचा, आणि हाडांचा असेल तर सवय सोडवून फारसं काही होत नाही. कोन जवळपास नॉर्मल निघाले. मी खूश. कोन मोजण्यात मी इतकी गुंतले होते की त्याच फिल्मवर नाकाच्या मागे एक गोलसर सावली होती ती बघूनही बघितली नाही. पहिल्या भेटीत घोरतो का विचारलं होतं, आई नाही म्हणाली, मी फॉर्मवर ‘नाही’वर टिक केली, विषय संपला.

सवय सोडवायचे प्रयोग घरी आधी होऊन गेले होते. कडू औषध लावून झालं, तो ते चोखून संपवायचा आणि मग अंगठा चोखायचा. ओरडून झालं. पाहुण्यांसमोर ‘एवढा घोडा झाला तरी’ हे पण झालं, आणि मला विचाराल तर या सगळ्यात वाईट तेच. पूर्वी अंगठा चोखणं म्हणजे मनात काहीतरी दडलंय असं मानायची पद्धत होती, फ्रॉइडच्या काळापासूनची. आता बहुतेक मुलांच्या बाबतीत आम्ही ही शिकलेली, अंगवळणी पडलेली सवय म्हणून बघतो. बाळं आईच्या पोटात असतानाच अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतात, चोखणं हे त्यांच्या जगण्याचंच साधन, बहुतेकांचं २ ते ४ वर्षांत आपोआप सुटतं. ज्यांचं नाही सुटत त्यांना त्याने झोप येते, इतकं साधं. ज्या गोष्टीने झोप येते ती काढून घेताय तर बदल्यात काय देताय?

(विषयांतर होतंय पण गंमत म्हणून. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मधे जन्मलेल्या हजारभर मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चालू आहे, त्यातून २०१६ मधे निघालं की लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखं खाणाऱ्या मुलांना पुढे त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी कमी निघाली. दमा आणि नाकाच्या ॲलर्जीच्या आजारात मात्र फरक दिसला नाही. या बाबांनी तेच कुठेतरी वाचलं होतं आणि मला फोनवर दाखवलं. मी म्हटलं बरोबर आहे, पण म्हणून सातव्या वर्षी चोखू द्यायचा असं ते म्हणत नाहीत.)

पुढच्या भेटीत मी आई-बाबांना बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलले. आरसा दिला, त्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा हातात दिला. त्याने स्वतःचा अंगठा त्या साच्यातल्या फटीत घालून बघितला. फिट्ट बसला. मला काही समजावायची गरजच उरली नाही, तो म्हणाला, “मी बनवलं हे?” म्हटलं हो, तूच बनवलंस. मग त्याने विचारलं की अंगठा काढला तर हे जाईल का. म्हटलं पुढचं बरंचसं जाईल, कडेचं मला करावं लागेल. तुला सोडायचंय का? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, “दिवसाचं सोडतो, रात्रीचं मला माहीत नसतं.” इतका प्रामाणिक करार मोठी माणसं पण करत नाहीत.

रात्रीचं माहीत नसतं म्हणून रात्रीसाठी त्याच्या कोपराला सैलसर इलॅस्टिक बँडेज, घट्ट अजिबात नाही, हात वाकवून तोंडाकडे नेला की ताण जाणवेल इतपतच. ते त्याने स्वतः बांधून मागायचं. भिंतीवर कॅलेंडर, कोरड्या अंगठ्याच्या रात्रीला स्टिकर, चुकलेल्या रात्रीला काहीही नाही, फुली नाही की प्रश्न नाही. ६ आठवड्यांत दिवसाचं पूर्ण बंद, रात्रीचं आठवड्यातून ३ वेळा. मधे चौथ्या आठवड्यात तो आजारी पडला आणि सगळं परत सुरू झालं, आईचा रडवेला फोन, मी म्हटलं जाऊ दे, बरा झाला की पुन्हा.

दोन महिन्यांनी क्वाड हेलिक्स बसवलं. वरच्या मागच्या दाढांना रिंगा आणि टाळूवरून जाणारी चार वेटोळ्यांची जाड तार, ती स्प्रिंगसारखी दोन्ही बाजूंना हळूहळू बाहेर ढकलते. या वयात टाळूचा मधला सांधा मऊ असतो म्हणून रुंदी सहज मिळते, मोठेपणी हेच करायचं तर कधी कधी ऑपरेशन लागतं. आणि यात एक फुकटचा फायदा, पुढची दोन वेटोळी नेमकी तिथे येतात जिथे अंगठा टेकायचा, त्यामुळे झोपेत अंगठा गेलाच तर मजा येत नाही. अंगठा अडवायला वेगळी जाळी, ज्याला क्रिब म्हणतात, ती पण बसवता आली असती, पण तो स्वतःहून सोडत होता आणि अशा मुलाच्या तोंडात पिंजरा बसवणं मला शिक्षा दिल्यासारखं वाटतं. माझे काही सहकारी यावर वाद घालतील, घालू देत. पहिला आठवडा लाळ, तोतरं बोलणं, जिभेवर वळ, मग सवय झाली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वहीत सलग १४ कोरड्या रात्री. पाचव्या महिन्यात क्रॉसबाईट गेला, मी मुद्दाम थोडं जास्तच रुंद केलं कारण थोडं मागे येतंच, आणि तार आणखी ३ महिने तशीच ठेवली. जबडा सरकणं बंद, मधली रेघ जुळली. समोरची फट सहाव्या महिन्यात ५ वरून २ मिमी. सगळे आनंदात.

आणि तिथेच गाडी अडली. नवव्या महिन्यात पण २ मिमी. अंगठा नाही, तार पण आता काढलेली, तरी फट हलेना. दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं की मुलगा गिळताना जीभ पुढे ढकलतो, टंग थ्रस्ट, त्यामुळेच हे सगळं, जिभेची सवय मोडायचं वेगळं यंत्र बसवा. गिळताना जीभ पुढे येत होती हे अगदी खरं. पण फट असताना गिळायचं तर पुढचं दार बंद करायला जीभ जाणारच, नाहीतर लाळ बाहेर येईल. शिवाय परत तोच तासांचा हिशोब, आपण दिवसाला हजाराच्या आत-बाहेर वेळा गिळतो, प्रत्येक वेळी दाताला जीभ लागते एखादा सेकंद, सगळं मिळून पाव तास फार तर. पाव तासात दात हलत नाहीत. प्रश्न गिळताना जीभ कुठे जाते यापेक्षा उरलेल्या २३ तासांत ती कुठे पडून असते हा आहे.

जुनी फाइल काढून बसले तेव्हा वही समोर आली. ‘अंगठा नाही, तोंड उघडं.’ १० रात्रींत ९ वेळा अंगठा बाहेर होता, त्यातल्या ७ ठिकाणी तेच वाक्य. मग एक्स-रे लाइटवर लावला आणि ती सावली दिसली, इतकी स्पष्ट की मला स्वतःचीच लाज वाटली. तोंडाने श्वास घ्यायचा तर जीभ टाळूला टेकवून चालत नाही, हवा जायला ती खाली आणि पुढे पडून राहते, दातांच्या मधे. तासन् तास. आईला पुन्हा विचारलं, यावेळी घोरतो का असं नाही, तर झोपेत श्वासाचा आवाज येतो का, सकाळी तोंड कोरडं असतं का, उशी ओली असते का. तिन्हीला हो. घोरणं म्हणजे आजोबांसारखं, असं तिच्या डोक्यात होतं, त्यामुळे ती पहिल्यांदा खोटं बोलली नव्हती, मी प्रश्न चुकीचा विचारला होता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघितलं. अडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले (तीच ती सावली), नाकात ॲलर्जीची सूज. झोपेत श्वास अडकत नव्हता आणि मूल वाढत होतं त्यामुळे त्यांनी ऑपरेशनची घाई केली नाही, नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिला. स्टिरॉइड शब्दाने आजी बिथरल्या, मग त्या डॉक्टरांनीच नीट बसून समजावलं की ते नाकापुरतं आणि कमी डोसचं आहे. नाक मोकळं व्हायला लागल्यावर मी जीभ टाळूला टेकवून ओठ मिटून बसायचे व्यायाम दिले, नाक बंद असताना हे व्यायाम देणं म्हणजे मुलाचा छळ आहे. ‘स’साठी वाचा-उपचार वेगळे.

नाक आणि दातांचं नातं अगदी सरळ आहे असं मात्र नाही. हारवोल्ड नावाच्या संशोधकाने माकडांची नाकं बंद करून प्रयोग केले होते, सगळ्या माकडांचे दात बिघडले पण प्रत्येकाचे वेगळ्या तऱ्हेने, कारण प्रत्येकाने श्वास घ्यायची वेगळी युक्ती शोधली. म्हणून तोंडाने श्वास म्हणजे अमुक चेहरा, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी सावध होते. या केसमधेही मी सिद्ध करू शकत नाही की स्प्रेमुळेच फट भरली, अडेनॉइड या वयानंतर तसेही लहान होत जातात आणि दातही उगवायचे राहिलेले असतात. घडलं ते एवढं की नवव्या महिन्यापर्यंत अडलेली फट स्प्रे सुरू झाल्यापासून ४ महिन्यांत १ मिमी झाली आणि सोळाव्या महिन्यात वरचे दात खालच्यांवर १ मिमी यायला लागले. पुढे आलेले दात ७ वरून ४ मिमी.

आता तो ९ वर्षांचा आहे. सगळं सुटलेलं नाही, खालच्या दातांना जागा थोडी कमी आहे, वरचे सुळे यायचेत, ११-१२च्या आसपास ब्रेसेस लागतील असं मी आत्ताच सांगून ठेवलंय. ‘स’ बऱ्यापैकी आला, घाईत बोलला तर अजून घसरतो. दर ६ महिन्यांनी तपासणी.

शेवटच्या भेटीत आईच्या कडेवर धाकटी होती, अडीच वर्षांची, अंगठा तोंडात, मस्त माझ्याकडे बघत. आई मला घाबरून म्हणाली, “मॅडम, हिचं आत्ताच काहीतरी करा.” मी तिचे दात बघितले, दाढा दोन्हीकडे नीट बसत होत्या, समोर थोडीशी फट. म्हटलं हिचं अजून दीड वर्ष काही करायचं नाही, कुणी ओरडायचं पण नाही. फक्त रात्री एकदा जाऊन बघा, अंगठा नसताना तोंड मिटलेलं असतं का. मोठा खुर्चीतून म्हणाला, “मी बघतो, मला लिहायचं माहितीये.”